काट्याची सूट

कोणताही काटा शंभर टक्के खरं बोलत नाही. भाजीवाल्याचा बोलत नाही, गोदामातला बोलत नाही, आणि औषधांच्या कारखान्यात काचेच्या पेटीत जपून ठेवलेला असतो तोही बोलत नाही. प्रत्येक काट्याला थोडं चुकायची परवानगी असते. धंद्यात तिला सूट म्हणतात. तेवढ्यात बसला तर शिक्का, बाहेर गेला तर काटा बंद, मग मालक कितीही हातापाया पडो.

वजनकाटे दुरुस्त करण्यात आणि तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे त्याला काटेवालाच म्हणत. चिडली की बायकोसुद्धा. फक्त त्याची थोरली बहीण त्याला छोट्या म्हणायची. छोट्याच्या मिशा पिकल्या, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, तरी ताईसाठी तो छोट्याच. असो. सांगायचं ते हे, की दुसऱ्याच्या काट्याची गय न करणाऱ्या या माणसाने एके दिवशी काट्याची सूट स्वतःला लावून घेतली. तिथे घात झाला.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी होऊन दोन वर्षं झाली होती. आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खुर्चीत, चार-चार तास ती यंत्राला जोडून बसायची. तिथल्या नर्सना तिने टोपणनावं ठेवली होती. सुई टोचताना 'काही नाही होत' म्हणणारी ती 'काहीनाही' आणि टोचून झाल्यावर 'झालंच' म्हणणारी ती 'झालंच'. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. किडनी द्यायची म्हणून ते तपासणीला गेले, तर त्यांनाच मधुमेह निघाला. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" ताई हसून म्हणाली, आणि भावोजी बाहेर जाऊन रडून आले. मूलबाळ नव्हतं. किडनी मिळण्याच्या यादीत नाव होतं, पण यादी मारुतीच्या शेपटासारखी.

उरला छोट्या. त्याचं रक्त जुळलं, बाकीचंही सगळं जुळलं. "द्याल का?" असं डॉक्टरांनी विचारायच्या आतच तो हो म्हणाला. हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे त्याच्याबद्दल बरं सांगण्यासारखं फार नाही.

घोडं अडलं ते सिगारेटपाशी. दिवसाला वीस.

"सहा आठवडे एकही नाही," डॉक्टर म्हणाले. "सहाव्या आठवड्यात लघवीची तपासणी. त्यात दिसली तर तारीख रद्द. तुम्ही धडधाकट आहात, धडधाकट माणसाला कापताना आम्ही जोखीम घेत नाही. आणि एक लक्षात ठेवा, तुमच्या बहिणीचं हृदय आत्ता ऑपरेशन सोसेल. सहा महिन्यांनी सोसेल असं मी लिहून देणार नाही."

बाहेर आल्यावर भावोजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. बायकोने घरी येऊन अ‍ॅशट्रे कचऱ्यात टाकले, पडदे धुतले आणि सगळ्या नातेवाइकांना फोन लावून अभिमानाने सांगितलं, की आमच्या ह्यांनी सोडली. सोडून तेव्हा साडेतीन तास झाले होते.

आता त्याच्या धडधडीबद्दल. ती कधीही यायची. पुलावर, लिफ्टमध्ये, जेवता जेवता. आधी तळहात गार पडायचे, मग छातीत कुणीतरी दार ठोठावायला लागायचं, मग वाटायचं, संपलं, आत्ता आपण इथेच पडणार. दोनदा हृदयाची तपासणी झाली, दोन्ही वेळा हृदय ठणठणीत. त्याचं औषध त्याच्या वरच्या खिशात असायचं. एक पेटवली, पाचसहा झुरके घेतले, की दार ठोठावणारा निघून जायचा.

हॉस्पिटलने त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई वयाने लहान होत्या, पण डोळा तयार होता.

"धडधड कधीपासून आहे?"

"बाबा गेले तेव्हापासून."

"आणि सिगारेट?"

"त्याच्या दहा वर्षं आधीपासून."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "भीती तुमच्या स्वभावात असेल थोडी, नाही म्हणत नाही. पण सिगारेटचा अंमल उतरला की शरीर मागायला लागतं. छाती उडते, हात गार पडतात. त्याला तुम्ही भीती समजता. मग ओढता, बरं वाटतं, आणि वाटतं हिनेच वाचवलं. अहो, आग लावणारी तीच आणि बंब घेऊन येणारीही तीच."

"म्हणजे माझी धडधड खोटी?"

"धडधड खरी. औषध खोटं. पहिले काही आठवडे जास्त होईल, मग उतरेल. गोळ्या देते. फारच झालं तर मला फोन करा. लाजू नका."

गोळ्यांच्या पाकिटातला कागद त्याने घरी जाऊन वाचला. बारीक अक्षरात दोन्ही बाजूंनी दुष्परिणाम. वाचता वाचताच त्याला धडधडायला लागलं. गोळ्या कपाटात गेल्या. फोन तर त्याने केलाच नाही. परक्या पोरीला काय सांगायचं, की सेहेचाळीस वर्षांचा बाप्या लिफ्टला घाबरतो? कळतं पण वळत नाही म्हणतात, त्यातली गत.

तरीही त्याने कळ काढली. पहिला आठवडा तर तो माणसात नव्हताच. दोन वेळा बायकोवर ओरडला, एकदा नळावर. पण तलफ आली की तो ताईचा विचार करायचा, आणि ताईचा विचार करताना त्याला नेहमी एकच दिवस आठवायचा.

तो पंधरा वर्षांचा, ती वीसची. माळ्यावरच्या खिडकीच्या कडेला राख आणि अर्धं पाकीट बाबांना सापडलं. बाबा खाली आले ते पट्टा हातात घेऊनच. "कुणाचं हे?" छोट्याची बोबडी वळली. आणि ताई, जिने आयुष्यात सिगारेटला बोट लावलं नव्हतं, भाजी चिरता चिरता म्हणाली, "माझं." का म्हणाली, तिचं तिलाच ठाऊक. बाबांनी तिला मारलं नाही. त्यांनी तिचा नर्सिंगच्या कोर्सचा अर्ज फाडला. दुसऱ्या गावी होस्टेलवर राहायचं होतं तिला. असली थेरं करणारी मुलगी होस्टेलवर ठेवायची का, म्हणाले. विषय संपला. रात्रीच्या जेवणाआधी ताई त्याच्या कानाशी येऊन एवढंच म्हणाली, "हात धुऊन ये. वास येतोय." पुढे कित्येक वर्षं तो बाहेरून आला की ती हेच म्हणायची. हात धुऊन ये. अर्जाचं तिने पुन्हा कधीच काढलं नाही, आणि त्यानेही नाही.

म्हणून तो टिकला. तेवीस दिवस टिकला. हेही त्याच्या बाजूने लिहा.

चोविसाव्या दिवशी तो औषधांच्या कारखान्यात काटा तपासत होता. अशा काट्याला कसोटीची वजनं लागतात. मखमलीच्या पेटीत बसवलेली, नखाएवढी. त्यांना हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचं, कारण बोटाचा तेलकटपणा लागला तरी वजन वाढतं. तो वाकला, श्वास रोखला, सगळ्यात लहान वजन उचललं, आणि एकाएकी तळहात गार पडले. दार ठोठावायला लागलं. चिमटा थरथरला आणि वजन टण्णकन फरशीवर पडलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. पडलेलं वजन वाया गेलं असं समजायचं. दिसायला चांगलं दिसतं, पण त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही.

तो बाहेर आवारात आला. भिंतीला टेकला. आपण मरतोय, याबद्दल त्याला शंकाच उरली नव्हती. आणि मग डोक्यात तो हिशोब सुरू झाला. बघा, भीतीसुद्धा किती शहाण्यासारखं बोलते! आपण असे कोसळलो तर किडनी कोण देणार? ऑपरेशनच्या दिवशी असं झालं तर? म्हणजे आपण शांत राहणं हे ताईच्याच भल्याचं. तेवीस दिवस शून्य. बेचाळीस दिवसांत एक. एवढं चुकायला कुठल्या काट्याला परवानगी नसते? ही तर सूट झाली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर टपरी होती. त्याने एकच घेतली. तीही अर्धी मोडून फेकली आणि अर्धीच ओढली. चौथ्या झुरक्याला ठोठावणारा निघून गेला. त्याने आत जाऊन उरलेलं काम केलं. हात अगदी स्थिर होता.

रडू येतं ते इथे, कारण बाईंनी सांगितलेलं उतरणं त्या दिवसांत सुरूच झालं होतं. आधी दिवसातून पाच वेळा येणारी धडधड दोनदा यायला लागली होती. त्याच्या ते ध्यानातच आलं नाही. आता ती अर्धी सिगारेट उतरली, आणि धडधड दुसऱ्या दिवशी व्याजासकट परत आली. शिवाय नवीन भीती आली, पकडले जाण्याची. त्या भीतीला पुन्हा अर्धी. मग दिवसाआड अर्धी. मग दिवसाला एक, कामावर, फाटकाबाहेर, आणि मग साबणाने दोनदा हात धुणं. घरी बायको कॅलेंडरवर रोज रात्री फुली मारायची आणि म्हणायची, "बाई गं, छत्तीस झाले!" तो मान हलवायचा. तपासणीच्या पाच दिवस आधी सगळं बंद करायचं आणि पाणी प्यायचं, असं त्याने ठरवलं होतं. पाचचे तीन झाले. तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला, की ऑपरेशनसाठी तिने नवा गाऊन शिवून घेतलाय, फुलांचा, आणि भावोजी म्हणतात की पडद्याचं कापड वाटतं. ती खूप हसली. फोन ठेवल्यावर त्याने लागोपाठ दोन ओढल्या.

निकालाच्या दिवशी सकाळी, किडनी देण्याघेण्याचं सगळं जुळवून आणणाऱ्या समन्वयक बाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. टेबलावर एकच कागद होता.

"तुम्ही ओढलीत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"अर्धी," तो म्हणाला. "कधीतरी. बाई, थोडी सूट असतेच ना?"

"असते. शेजारी कुणी ओढत असेल तर त्याचा धूर लागतो, तेवढी धरलेली असते." त्यांनी कागद त्याच्याकडे वळवला. "तुमचा आकडा तिच्या चाळीसपट आहे."

 आकडा त्याला वाचता येत होता. आयुष्यभर तो आकडेच वाचत आला होता. असला काटा त्याने क्षणाचाही विचार न करता बंद केला असता.

"तीन महिने पूर्ण बंद, मग सगळ्या तपासण्या पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "त्यांचं हृदय साथ देईल का, ते तेव्हा बघावं लागेल. तुमचं कारण आम्ही कुणाला सांगत नाही, तो आमचा नियम आहे. घरच्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण आजच सांगा."

तो खाली आला. फाटकाबाहेर उभं राहून एक ओढली, अख्खी. मग हात धुतले आणि दुसऱ्या मजल्यावर गेला.

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. यंत्र घरघरत होतं, नळ्यांतून रक्त फिरत होतं. त्याला बघून ती हसली. तो जवळच्या स्टुलावर बसला. 

ताईने नाकाने एक श्वास घेतला. दोन वर्षांत तिची जेवणाची चव गेली होती, पण नाक गेलं नव्हतं.

"छोट्या," ती हळूच म्हणाली, "हात धुऊन ये."

"धुतलेत गं," तो म्हणाला, आणि त्याचा बांध फुटला. तिचा मोकळा हात धरून तो पोरासारखा रडला. "ताई, मला नाही जमलं. मी खूप... मला वाटायचं मी मरतोय. ताई, मी घाण केली."

तिने तो हात हळूच सोडवून घेतला. मग ती तो त्याच्या डोक्यावरून फिरवत राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. भावोजी आणि त्याची बायको आत आले. भावोजींनी गुळगुळीत दाढी केली होती. बायकोच्या हातात पिशवी होती, तिच्यात त्याचे दोन सदरे, टॉवेल आणि ते कॅलेंडर. सगळ्या फुल्यांसकट ती ते ताईला दाखवायला घेऊन आली होती.

"काय झालं?" भावोजींनी विचारलं. "हा का रडतोय? निकाल आला? अरे, कुणीतरी बोला की!"

त्याने वर पाहिलं. आता सांगायचं, एवढंच त्याला करायचं होतं. दोन वाक्यं.

"मी नाही म्हटलं," ताई म्हणाली.

अगदी भाजी चिरता चिरता म्हणाली होती, तसंच.

"काय?"

"मला नाही करायचं ऑपरेशन. मी विचार केला. याला कापायचं, मला कापायचं, आणि एवढं करून वर्ष-दोन वर्षं. नको. मी याला आत्ता तेच सांगत होते. म्हणून रडतोय वेडा."

भावोजी आधी हसले. थट्टा वाटली त्यांना. मग त्यांचा चेहरा पडला. "तुझं डोकं फिरलंय का? गाऊन शिवलास परवा! काय बोलतेस तू? माझा विचार नाही केलास? मी एकट्याने काय करायचं गं?" शेवटी शेवटी ते ओरडायलाच लागले. 'काहीनाही' धावत आली आणि त्यांना आवाज कमी करायला सांगून गेली. बायको त्याच्याकडे वळली. "अहो, तुम्ही तरी सांगा ना ताईंना! सहा आठवडे काय हाल काढलेत तुम्ही! तुमचं ऐकतील त्या."

ताईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत दटावणी नव्हती. नीट बघितलं असतं तर कदाचित वाट बघणं होतं. पण नीट कोण बघणार? त्याच्या छातीतली धडधड थांबली होती. सकाळपासून पहिल्यांदा पार थांबली होती. सुटलो, असं वाटलं त्याला. लाज वाटायच्या आधी ते वाटलं, आणि हे तो मरेपर्यंत विसरणार नाही.

"ताईचीच इच्छा नसेल," तो म्हणाला, "तर आपण जबरदस्ती कशी करायची?"

ताईने डोळे मिटले आणि मान खिडकीकडे वळवली.

तो खाली येऊन आवारातल्या बाकावर बसला. ऊन डोक्यावर आलं होतं. धडधड परत आली, पूर्वी कधी आली नव्हती अशी. वर जावं, भावोजींना बाजूला घ्यावं, सांगून टाकावं. आत्ताच. पाच मिनिटांनी. जरा श्वास शांत झाला की. मग तीन महिने बंद, खरंच बंद. तो उठून उभा राहिला. दाराकडे चार पावलं गेलासुद्धा.

दारातून भावोजीच येत होते. डोळे लाल, शर्ट चुरगळलेला. ते फाटकाबाहेर गेले, टपरीवर थांबले आणि परत येऊन त्याच्या शेजारी बाकावर टेकले.

"ऐकत नाही," ते म्हणाले. "ठार नाही म्हणते. मी पाया पडलो तिच्या, सगळ्यांच्या देखत."

"भावोजी..."

"तू बोलू नकोस. तुझा काही दोष नाही. स्वतःचं शरीर कापून द्यायला निघाला होतास तू. कोण करतं एवढं? मी तर नवरा असून काही देऊ शकलो नाही." त्यांनी खिशातून एक नवंकोरं पाकीट आणि काडेपेटी काढली. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा विकत घेतली होती. वरचा कागद कुठून फाडायचा तेसुद्धा त्यांना कळत नव्हतं. "घे. सहा आठवडे कळ काढलीस बाबा तू. आता कशाला जीव मारतोस? ओढ."

त्याच्या पॅन्टच्या खिशात त्याचं स्वतःचं पाकीट होतं. त्यात चार उरल्या होत्या.

भावोजींनी एक काढून त्याच्या हातात दिली. काडी त्याला पेटवता येईना, दोन मोडल्या. तेव्हा भावोजींनीच तिसरी काडी ओढली, वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा केला आणि पेटवून दिली. त्याने ती शेवटपर्यंत ओढली.